अपौरुषेय प्रतिमा आणि आप्ताचा शब्द

१

साहित्यसमीक्षा आणि न्यायदान या दोन व्यवहारांची प्रयोजने वेगळी असली तरी एका प्रश्नापाशी ते एकत्र येतात. समोर ठेवलेली संहिता कोणाची आहे, ती कोणाच्या हातांतून येथवर आली आहे, आणि ती जे म्हणते असे वाटते ते तिचेच म्हणणे आहे की वाचणाऱ्याने तिच्या तोंडी घातलेले, हा तो प्रश्न होय. समीक्षेत याचे उत्तर चुकले तर एका कवीवर अन्याय होतो. न्यायालयात चुकले तर जिवंत माणसाचे स्वातंत्र्य, उपजीविका, प्रसंगी प्राणही जातात. गेल्या दोन दशकांत या प्रश्नाला नवी धार आली आहे. समाजमाध्यमांवर कोणीही टाकलेल्या आणि कोणालाही पाहता येणाऱ्या चित्रफिती, सर्वांना उपलब्ध असलेली उपग्रहचित्रे, वाटसरूने मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत पुरावा म्हणून मांडली जाऊ लागली. या सामग्रीला ‘खुल्या स्रोतांतील पुरावा’ असे म्हटले जाते.

या पुराव्याचे आकर्षण समजण्याजोगे आहे. साक्षीदार घाबरतो, विसरतो, फितवला जातो, मारला जातो. प्रतिमेला भय नाही, लोभ नाही, विस्मरण नाही. तिच्यात दोष शिरावा असा कोणी ‘माणूस’ तिच्यामागे दिसत नाही. मराठी वाचकाला हा युक्तिवाद मुळीच अपरिचित नाही. वेदांचे प्रामाण्य सिद्ध करताना मीमांसकांनी जवळजवळ हाच मार्ग अनुसरला होता. शब्दातील दोष वक्त्याच्या भ्रमातून, प्रमादातून वा कपटातून येतात. वेदाला कर्ताच नाही. म्हणून तेथे दोषाला जागा नाही. यंत्राने घेतलेल्या प्रतिमेभोवती आज उभे राहिलेले वलय हे या अपौरुषेयत्वाचेच ऐहिक रूप आहे.

नैयायिकांची भूमिका निराळी होती. शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त आहे म्हणून, म्हणजे त्याला विषय ठाऊक आहे आणि जे ठाऊक आहे ते जसेच्या तसे सांगण्याची त्याची इच्छा आहे म्हणून. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आणखी एक पाऊल टाकले. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे त्याने मानले. शब्दाची विश्वसनीयता येथे जन्मावरून ठरत नाही, पदावरूनही ठरत नाही. ज्ञान आणि प्रामाणिकपणा यांवरून ठरते. न्यायालयांपुढील आजचा पेच या दोन भूमिकांच्या प्रकाशात पाहिला तर त्यातील नैतिक प्रश्न नेमका पकडता येतो. कर्ता दिसत नाही म्हणून प्रतिमेला प्रामाण्य द्यावयाचे, की तिच्यामागील कर्ता शोधून त्याची आप्तता तपासावयाची?

२

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाचा इतिहास पाहता असे दिसते की न्यायालयांनी प्रतिमेला कधीच पूर्णतः एकटे बोलू दिलेले नाही. न्यूरेंबर्ग येथे २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी छळछावण्यांचा चित्रपट न्यायासनासमोर दाखवण्यात आला, तेव्हा चित्रीकरणात आणि संकलनात फेरफार झालेला नाही अशी संबंधितांची शपथपत्रे त्याला जोडलेली होती. प्रतिमा कितीही बोलकी असली तरी तिच्यासाठी शब्द देणारा माणूस लागतो, ही जाणीव त्या आरंभबिंदूपाशीच होती.

स्रेब्रेनित्सा येथील १९९५ च्या हत्याकांडाने हा प्रश्न अधिक बिकट केला. अमेरिकेने आकाशातून घेतलेली, ताजी उकरलेली जमीन दाखवणारी छायाचित्रे ऑगस्ट १९९५ मध्ये सुरक्षा परिषदेपुढे ठेवली गेली आणि पुढे माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात पुराव्यात आली. मात्र ती कोणत्या साधनाने व कोणत्या पद्धतीने टिपली हे पुरवणाऱ्या राष्ट्राने गोपनीय ठेवले, आणि अशी गोपनीयता राखण्याची तरतूद न्यायाधिकरणाच्या नियमांत होती. पाहणारा होता, परंतु त्याची उलटतपासणी होऊ शकत नव्हती. या छायाचित्रांना बळ आले ते उत्खननातून, सामूहिक थडग्यांतील अवशेषांतून, एका ठिकाणची माती दुसऱ्या ठिकाणी आढळण्यातून आणि वाचलेल्या मोजक्या माणसांच्या जबान्यांतून. ‘येथे जमीन उकरली आहे’ एवढेच चित्र सांगत होते. ‘येथे माणसे पुरली आहेत’ हे विधान जमिनीने आणि माणसांनी केले.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची रीत याहून मोकळी आहे. त्याच्या रोम संविधीतील ६९ व्या अनुच्छेदानुसार पुराव्याची प्रस्तुतता, त्याचे प्रमाणमूल्य आणि न्याय्य सुनावणीला त्यामुळे पोहोचू शकणारी बाधा यांचा एकत्र विचार करावयाचा असतो. पुराव्याच्या प्रकारानुसार दारे बंद करणारे कडक नियम तेथे नाहीत. तोलण्याचे काम न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवले आहे. १५ ऑगस्ट २०१७ रोजी लिबियातील महमूद अल-वेरफल्ली याच्याविरुद्ध निघालेले अटक वॉरंट या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते, कारण ३३ जणांच्या हत्येच्या सात घटनांसंबंधीच्या त्या आदेशात समाजमाध्यमांवरील चित्रफितींचा आधार ठळक होता. तथापि वॉरंटसाठी ‘विश्वास ठेवण्यास वाजवी कारण’ एवढे पुरते. दोषसिद्धीसाठी लागणारी निःसंशयता तेथे अपेक्षित नसते. अल-वेरफल्ली २०२१ मध्ये मारला गेला, २०२२ मध्ये कार्यवाही संपुष्टात आली, आणि त्या चित्रफितींची उलटतपासणीच्या अग्नीतून परीक्षा झालीच नाही. टिंबक्टूतील वास्तू उद्ध्वस्त केल्याबद्दल अहमद अल-माहदी याला २७ सप्टेंबर २०१६ रोजी नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यातही उपग्रहचित्रे आणि चित्रफिती होत्या, परंतु आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे त्यांच्याविषयी वाद उरला नाही.

खरी कसोटी लागली ती नेदरलँड्समधील राष्ट्रीय न्यायालयात. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनच्या आकाशात मलेशिया एअरलाइन्सचे विमान पाडले गेले आणि २९८ जण ठार झाले. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी हेग जिल्हा न्यायालयाने तिघांना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरवले आणि चौथ्याला निर्दोष सोडले. क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या गाडीची छायाचित्रे व चित्रफिती तेथे होत्या; त्या बनावट असल्याचा आक्षेपही होता. न्यायालयाने त्या दूरध्वनी संभाषणांशी, मोबाइल मनोऱ्यांच्या नोंदींशी आणि तज्ज्ञांच्या तपासणीशी ताडून पाहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आणि बर्कली येथील विद्यापीठाच्या मानवाधिकार केंद्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बर्कली प्रोटोकॉल’चा गाभाही हाच आहे. सामग्री कोठून मिळाली, कोणी जपली, मधल्या काळात तिचे काय झाले आणि ती इतर कशाशी जुळते, याची नोंद ठेवल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. ज्याला अकर्तृक समजले जाते त्याचा कर्ता आणि त्याची परंपरा शोधणे हेच या पद्धतीचे काम आहे.

हे काम पाठचिकित्सेहून फार वेगळे नाही. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण हस्तांतरात पाठ बिघडतो हे त्यांना ठाऊक होते. बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यानंतरच्या समीक्षेला कर्त्याविना वाचन करणे मुक्तिदायक वाटले, आणि काव्याच्या बाबतीत ते तसे असेलही. परंतु साक्ष ही अशी संहिता आहे की जिचा कर्ता मेला असे मानताच तिच्यातील नैतिक बंधन नाहीसे होते. ‘मी हे पाहिले’ या वाक्यातील ‘मी’ काढून टाकला तर उरते ते विधान; साक्ष उरत नाही.

३

भारतीय कायद्याने वेगळी वाट धरली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये पुरावा अधिनियमात ६५ ब हे कलम आले आणि संगणकीय अभिलेख दाखल करताना प्रमाणपत्राची अट आली. २००५ च्या नवज्योत संधू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही अट सैल केली. २०१४ च्या अन्वर विरुद्ध बशीर या निकालात ती पुन्हा आवळली. अखेरचा शब्द एका मराठी मुलखातील वादातून आला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर स्वीकारला गेला की काय, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरवावयाचे होते. चित्रण सरकारी, कॅमेरे सरकारी. पण पुन्हापुन्हा मागूनही प्रमाणपत्र देण्यास अधिकारी तयार नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी मानून निवडणूक रद्द ठरवली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले, परंतु तत्त्व म्हणून प्रमाणपत्र अनिवार्यच असल्याचे सांगितले. मूळ उपकरण स्वतः हजर केले तर ते लागणार नाही. आणि पक्षकाराने शक्य ते सर्व करूनही त्रयस्थाने ते नाकारले, तर अशक्य गोष्टीची सक्ती त्याच्यावर होणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने हीच वाट पुढे नेली. प्रमाणपत्रात आता अभिलेखाचे ‘हॅश’ मूल्यही नोंदवावे लागते आणि तज्ज्ञाचा भाग वेगळा असतो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाची रीत काहीशी स्वतःप्रामाण्यवादाच्या जवळ जाते : ज्ञान आधी आत येऊ द्यावे, बाधक कारण दिसल्यास नाकारावे. भारतीय रीत परतःप्रामाण्याची आहे : बाहेरून हमी मिळाल्याशिवाय आत प्रवेश नाही. ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही, कारण दर्शने ज्ञानाविषयी बोलत होती आणि कायदा कार्यपद्धतीविषयी बोलतो. तरीही तिच्यातून एक भेद स्पष्ट होतो. प्रमाणपत्र पाठाच्या शुद्धतेची हमी देते, पाठाच्या सत्याची नव्हे. ‘हॅश’ जुळला म्हणजे धारिका बदललेली नाही. त्यातील घटना म्हणून सांगितली जाते तीच ती घटना आहे, हे त्यातून निघत नाही. कोरेगाव भीमा प्रकरणात तर याहून आधीची पायरीच वादग्रस्त झाली. आरोपींपैकी रोना विल्सन यांच्या संगणकात दूरस्थ आज्ञावलीद्वारे कागदपत्रे घुसवली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. धारिका अक्षुण्ण असूनही तिचे तेथे असणे हीच मुळात कोणाची तरी कृती असू शकते, एवढा बोध त्या वादातून निश्चित होतो.

मुंबईच्या अलीकडच्या इतिहासात प्रतिमा आणि शब्द एकमेकांना पूरक ठरल्याचे ठळक उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्याचे आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसमधील छायाचित्रे घेणारे वृत्तछायाचित्रकार सेबास्टियन डिसूझा स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. प्रतिमेमागचा ‘मी’ प्रश्नांना उत्तरे देण्यास उपलब्ध होता. बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वसाहतीत रबरी होडीतून उतरलेल्या अनोळखी तरुणांना तेथील रहिवाशांनी पाहिले होते, आणि तेथील रहिवाशाची जबानीही त्या खटल्यात नोंदली गेली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. किनाऱ्यावर कोण आले, कोणत्या होडीतून आले, याविषयी किनाऱ्यावरच्या माणसाचा शब्द तेथे ग्राह्य मानला गेला.

४

याच शहराच्या किनाऱ्यावर, त्याच समाजाचा शब्द दुसऱ्या वादात मात्र हलका ठरला. वरळी कोळीवाडा हा मुंबईच्या जुन्या वस्त्यांपैकी एक आहे. गोल्फादेवीचे देऊळ, टोकावरचा किल्ला आणि क्लीव्हलँड बंदर यांच्यामध्ये तो वसला आहे. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू त्याच्या शेजारून गेला आणि पुढे किनारा रस्त्याचा प्रकल्प आला. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. पर्यावरण क्षेत्रातील संस्थांच्या याचिकाही होत्या. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णयप्रक्रियेतील गंभीर उणिवांवर बोट ठेवून किनारा नियमन क्षेत्राची परवानगी रद्द केली. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि रस्त्याचे काम पुढे सुरू झाले. २०२४ पासून रस्ता टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला.

हा फौजदारी खटला नव्हता, आणि युद्धगुन्ह्याशी त्याची बरोबरी करणे औचित्याला सोडून होईल. परंतु पुराव्याचा प्रश्न तोच होता. हा किनारा काय आहे, येथे काय जगते, कोण जगते, हे सांगावयाचे कोणी? प्रकल्पाच्या बाजूला नकाशे, अहवाल आणि प्रतिमाने होती. दुसऱ्या बाजूला नाखव्यांचा शब्द होता, आणि २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने मुंबईच्या खडपांवरून टिपलेली, सर्वांना पाहता येणारी छायाचित्रेही होती. पोवळी, समुद्रफुले, खेकडे यांची ही छायाचित्रे म्हणजे खुल्या स्रोतांतील पुरावाच होय. वरळी आणि हाजी अली येथे वन्यजीव कायद्याने संरक्षित असलेली पोवळी आहेत हे नंतर यंत्रणेनेही मान्य केले, आणि २०२० मध्ये त्यांच्या वसाहती परवानगी घेऊन अन्यत्र हलवण्यात आल्या. ज्या किनाऱ्यावर हलवण्याजोगे काही आढळले तो किनारा रिकामा नव्हता, हे त्या हलवण्यानेच सिद्ध केले.

आकाशातून घेतलेल्या चित्रात वरळीचा किनारा कसा दिसेल हे सर्वस्वी वेळेवर अवलंबून आहे. मोठ्या उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या वर जातो. भरतीच्या क्षणी टिपलेल्या चित्रात नुसते पाणी दिसेल. सुकतीच्या वेळी त्याच जागी खडपे उघडी पडलेली असतील आणि त्यांवर कालवे काढणाऱ्या बायका असतील. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांचा हिशेब ज्याला येत नाही, त्याला ते चित्र वाचता येणार नाही. डोल कोठे लावतात, होडी कोणत्या वाटेने बंदरात शिरते, वारा फिरल्यावर ती किती फेकली जाते, यांच्या खुणा पाण्यावर उमटत नाहीत. मासेमारीची जागा ही उपग्रहाला दिसणारी वस्तू नाही. ती पिढ्यांच्या वापरातून घडलेला अर्थ आहे. चित्रात काही नाही म्हणून तेथे काही नाही, असे म्हणणारा वाचक कोरा समास पाहून पोथीच कोरी ठरवतो.

खांबांच्या अंतराचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. किनारा रस्ता आणि सागरी सेतू जोडणाऱ्या पुलाच्या खांबांत सुमारे ६० मीटर अंतर ठेवण्याचे योजले होते आणि तेवढे पुरेसे असल्याचे सांगितले जात होते. नाखवे २०० मीटर मागत होते. शांत पाण्यातील होडीची रुंदी आणि पावसाळी वाऱ्यात आडव्या प्रवाहाने ढकलल्या जाणाऱ्या होडीला लागणारी वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे शासनाने मान्य केले. ही तडजोड म्हणजे कोळ्यांचा प्रत्येक दावा खरा असल्याचा पुरावा नव्हे. पण ज्या शब्दाला आधी नुसता विरोध समजले गेले त्यात माहिती होती, एवढे त्यातून सिद्ध होते. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात ज्याला ज्ञानविषयक अन्याय म्हटले आहे तो हाच : माणसाचे म्हणणे तपासून नाकारणे वेगळे आणि तो कोण आहे यावरून न तपासता हलके मानणे वेगळे.

५

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेता येईल. नाखव्याचा शब्द हितसंबंधाने रंगलेला असतो, स्मृती फसवी असते, आणि ‘स्थानिक ज्ञान’ या कल्पनेभोवती भाबडेपणाचे धुके सहज जमते. साक्षीदारांच्या चुकांमुळे निरपराध माणसे शिक्षा भोगतात आणि प्रतिमेमुळे त्यांची सुटका होते, असेही घडले आहे. हा आक्षेप खोडून काढण्याची गरज नाही. तो स्वीकारावयास हवा. मात्र तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू केला पाहिजे. हितसंबंध नाखव्याला आहे, तसा तो अहवाल लिहवून घेणाऱ्यालाही आहे. फरक एवढाच की नाखव्याचा हितसंबंध त्याच्या शब्दाबरोबर उघडपणे समोर येतो, आणि अहवालाचा, नकाशाचा, प्रतिमेचा हितसंबंध कर्मणी प्रयोगात दडतो. ‘सर्वेक्षण करण्यात आले’, ‘असे आढळून आले’ या वाक्यांत कर्ता नसतो. अपौरुषेयत्वाचे हे व्याकरण आहे, आणि त्याच्या आडून येणारे विधान निःपक्षपाती वाटते ते केवळ त्याच्या वाक्यरचनेमुळे.

शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणतेही चित्र आणि कोणताही आवाज घडवता येऊ लागल्यावर प्रतिमेचे अपौरुषेयत्व दुहेरी धोक्याचे झाले आहे. खोटी प्रतिमा खरी म्हणून खपते. आणि खरी प्रतिमाही बनावट आहे असे म्हणण्याची सोय गुन्हेगाराला मिळते. या अवस्थेत केवळ तांत्रिक हमी पुरणार नाही. चित्र बदलले आहे की नाही हे यंत्र सांगू शकेल. त्या चित्रातील गल्ली कोणती, गणवेश कोणाचा, बोली कोठली, सावली कोणत्या वेळेची, हे सांगण्यास अखेर त्या जागेची माणसे लागतात. लिबियातील चित्रफीत असो की वरळीचे खडप, प्रतिमेला संदर्भ देणारा माणूस हा पुराव्याचा दुय्यम पूरक नसून पुरावा पुरा होण्याची अट आहे.

यातून एक नैतिक तत्त्व निघते. प्रतिमा आणि शब्द यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोहोंवर समान ओझे टाकले जाते का, हा खरा प्रश्न आहे. साक्षीदाराला जे विचारले जाते ते प्रतिमेलाही विचारले गेले पाहिजे : तू कोठे उभी होतीस, कोणत्या वेळी, तुझ्या चौकटीबाहेर काय राहिले, आणि इतक्या प्रतिमांतून तुलाच येथे कोणी आणले? आणि निवाडा चुकला तर त्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न न्यायाधीशाने स्वतःला विचारावयाचा असतो. फौजदारी कायद्याने त्याचे उत्तर शतकांपूर्वी दिले : चूक आरोपीच्या माथी पडणार असेल तर शंकेचा फायदा त्याला मिळावा. प्रकल्प, नकाशा आणि किनारा यांच्या वादांत असा दंडक अद्याप रुजलेला नाही. तेथे चूक झाली तर ती अहवाल लिहिणाऱ्याला भोगावी लागत नाही. ज्याचे जाळे रिकामे येते त्याला भोगावी लागते.

मीमांसकांना दोषरहित शब्द हवा होता आणि त्यासाठी त्यांनी वक्ता वगळला. न्यायालयाला तो मार्ग मोकळा नाही. त्याच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक प्रतिमेचा कोणीतरी कर्ता आहे, कोणीतरी निवडणारा आहे आणि कोणीतरी सोसणारा आहे. पहिल्या दोघांना उत्तरदायी ठरवणे आणि तिसऱ्याला बोलू देणे यातच पुराव्याच्या मूल्यमापनाची नीती आहे. वात्स्यायनाने आप्ततेच्या कसोटीतून कोणाही माणसाला त्याच्या जातकुळीवरून वगळले नव्हते. आजच्या न्यायव्यवस्थेने त्यापेक्षा अरुंद कसोटी लावण्याचे काही कारण नाही.